गाणं चालेल, बातमी नको : गावच्या रेडिओचा मागचा-पुढचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं, की जुनी गाणी आणि राजकारणावरचं वेगळं बोलणं या दोन गोष्टी एका व्याख्यानात कशाला? जुनी गाणी म्हणजे करमणूक, राजकारण म्हणजे भांडण. पण आपण इथे, पिंपळगाव राजात, खामगाव तालुक्यातल्या या मोठ्या गावात बसून उद्या रेडिओ केंद्र काढायचं ठरवलं, तर सरकारी नियम आपल्याला नेमकं हेच सांगतो. दिवसभर जुनी गाणी लावा, शेतीचा सल्ला द्या, ओव्या म्हणा, भारूड म्हणा. पण बातमी नको, चालू घडामोडींवर चर्चा नको आणि राजकीय स्वरूपाचं काहीच नको. कापसाचा आजचा भाव सांगता येईल. तो भाव पडला कुणाच्या धोरणामुळे, हे सांगायला गेलात तर परवाना धोक्यात.

ही रेघ कुणी आखली, केव्हा आखली, हे आज बघायचं आहे. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही रेघ २००६ सालच्या धोरणात छापली गेली खरी, पण तिचं वय त्याहून फार जास्त आहे. आणि गाणं एका बाजूला, राजकारण दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी आपल्या रेडिओच्या इतिहासात कधी टिकलेलीच नाही.

सुरुवात मुंबईपासून करू. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. कंपनी खासगी होती. तीन वर्षांत ती बुडाली आणि १९३० मध्ये सरकारने रेडिओ आपल्या हातात घेतला. १९३६ साली त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. लक्षात घ्या, रेडिओ नुसता ऐकायलासुद्धा तेव्हा लायसन लागायचं आणि ते पोस्टातून काढावं लागायचं. बोलण्याचा हक्क तर फक्त सरकारचा. गाणारे बाहेरचे, पण मायक्रोफोनची कळ सरकारी माणसाच्या हातात.

ही कळ काय करू शकते, याचा एक प्रसंग मराठी संगीताच्या इतिहासात नोंदलेला आहे. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे त्या काळचे किती मोठे गायक, हे तुम्हाला सांगायला नको. १९३०च्या दशकात मुंबई केंद्रावर गाताना त्यांनी कार्यक्रमात 'वंदे मातरम्' घेतलं आणि अधिकाऱ्यांनी प्रसारण मध्येच तोडलं. कृष्णरावांनी रेडिओवर बहिष्कार घातला. स्वातंत्र्य येईपर्यंत ते रेडिओवर गायले नाहीत. आता सांगा, हे गाणं होतं की राजकीय भाष्य? कळ दाबणाऱ्याला त्याचं उत्तर पक्कं माहीत होतं.

सरकारी हात सुरापर्यंतही पोचायचा. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. ही पेटी परदेशी, तिच्यात आपल्या श्रुती नाहीत, असा युक्तिवाद होता. गावोगावच्या भजनी मंडळात, तमाशात, कीर्तनात जी पेटी रोज वाजते, तीच रेडिओवर वर्ज्य. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे हे नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. पेशाने वकील, राहणं मेहकरात. त्यांची 'शीळ' ही कविता १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ग. ना. जोशी यांनी गायली, त्याची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताची वाट त्या तबकडीने मोकळी केली, असं जाणकार मानतात. म्हणजे आज आपण ज्याला 'जुनं मराठी गाणं' म्हणतो, त्याच्या उगमाशी बुलडाणा जिल्हा उभा आहे. पण व्यवहार कसा होता बघा. शब्द इथून गेले, आवाज मुंबईत भरला गेला, आणि परत आला तो विकत घ्यायच्या तबकडीतून किंवा लांबच्या केंद्रावरून. इथलं माणूस ऐकणारं झालं. बोलणारं झालं नाही.

१९४२ साली मात्र बोलण्याचा प्रश्न थेट समोर आला. ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले आणि रेडिओ तर सरकारचाच. अशा वेळी २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेस रेडिओ या गुप्त केंद्राचं प्रसारण सुरू झालं. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांच्याबरोबर विठ्ठलदास झवेरी आणि इतर तरुण होते. पुढे राममनोहर लोहिया यांनी त्यात लक्ष घातलं आणि स्वतः बोललेही. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढायच्या, म्हणून केंद्राची जागा सारखी बदलावी लागे.

इथे आपल्या विदर्भाचा संबंध येतो. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर आणि आष्टी इथे काय झालं, लोकांनी काय केलं आणि नंतर त्यांच्यावर कसे अत्याचार झाले, ही बातमी दाबली जात होती. ती ज्या मोजक्या मार्गांनी बाहेर पोचली त्यातला एक म्हणजे काँग्रेस रेडिओ. चिमूरच्या बायकांवर काय गुदरलं ते मुंबईच्या एका खोलीतून हवेत गेलं. सरकारी रेडिओवर त्याला जागा नव्हती.

आणि या केंद्रावर गाणी होती का? होती. प्रसारण 'हिंदोस्ताँ हमारा'ने सुरू व्हायचं आणि 'वंदे मातरम्'ने संपायचं. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलीस आत शिरले तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडीच चालू होती, असं उषाताईंनी पुढे सांगितलं आहे. मास्टर कृष्णरावांचं जे गाणं सरकारी केंद्रावर तोडलं गेलं, तेच गाणं गुप्त केंद्राचं शेवटचं प्रसारण ठरलं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. केंद्र चाललं जेमतेम अडीच महिने.

आता कुणीही म्हणेल, ती इंग्रजांची राजवट होती, स्वराज्यात हे बदललं असेल. बदललं, पण अर्धवट. १९४८ साली नागपूरला आकाशवाणीचं केंद्र झालं आणि वऱ्हाडाला जरा जवळचा आवाज मिळाला. पण मालकी तशीच राहिली. कळ दिल्लीच्या हातात.

१९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. माणूस मराठी, विद्वान, शास्त्रीय संगीताचा खरा जाणकार. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला जे मानाचं स्थान मिळालं, त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. त्यांनी त्या गाण्यांवर कडक मर्यादा घातली, निर्मात्यांशी वाद पेटला आणि थोड्याच दिवसांत आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळपास नाहीसं झालं.

लोकांनी काय केलं? मोर्चा नाही काढला. रेडिओची खुंटी फिरवली. शेजारच्या रेडिओ सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली जबरदस्त ताकदीची यंत्रणा होती. डिसेंबर १९५२ मध्ये तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज घराघरांत, पानटपऱ्यांवर ऐकू येऊ लागला. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली ती याच दबावातून.

सिलोनचा आणखी एक कार्यक्रम आमच्या विषयाला जास्त जवळचा आहे. 'पुरानी फिल्मों का संगीत'. सकाळी साडेसात ते आठ. शेवटचं गाणं कुंदनलाल सैगल यांचं. सैगल १९४७च्या जानेवारीतच गेले होते, पण पुढची कित्येक दशकं त्यांच्या गाण्यावर लोकांनी घड्याळं लावली. विविध भारतीवर पुढे 'भूले बिसरे गीत' आलं, ती याच जातीची गोष्ट. आम्हाला यात एक साधी बाब दिसते. जुनं काय जपायचं आणि कुठलं गाणं विसरायचं नाही, हे मंत्रालय ठरवत होतं तेव्हा लोकांनी ते स्वतः ठरवलं. त्या काळी तो एक प्रकारचा राजकीय निर्णयच होता, फक्त त्याला तसं नाव कुणी दिलं नाही.

याच काळात आपल्या महाराष्ट्राच्या सीमेवर एक अस्सल राजकीय रेडिओ चालू होता. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. २५ नोव्हेंबर १९५५ ला लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आंबोलीच्या जंगलातून गोव्यासाठी गुप्त प्रसारण सुरू केलं. नंतर ते कॅसलरॉकच्या बाजूला हललं. कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन भाषांत गोव्यातल्या लोकांना त्यांच्या राज्यकर्त्यांनी दडवलेल्या बातम्या सांगितल्या जात. सहा वर्षं, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत, हे काम चाललं. म्हणजे ज्या देशात स्वतःच्या खेड्याला बोलायला मायक्रोफोन मिळत नव्हता, त्याच देशाच्या जंगलातून शेजारच्या मुलखासाठी राजकीय रेडिओ चालत होता.

खेड्याला बोलू द्यायचा एक प्रामाणिक प्रयत्न मात्र झाला, आणि तोही महाराष्ट्रातच. १९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, मग त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरं यायची. ऐका, चर्चा करा, करून बघा, अशी त्यामागची कल्पना. पॉल नॉयरॅथ या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत मंडळं होती तिथल्या लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाल्याचं त्यात दिसलं. पुढे ही कल्पना देशभर नेली गेली.

बुलडाणा जिल्हा त्या प्रयोगात नव्हता. कारण साधं होतं. नोव्हेंबर १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, पुण्याचं केंद्र मुंबई राज्यात. राज्याच्या हद्दीने आपलं गाव त्या संभाषणाच्या बाहेर राहिलं.

आणि त्या प्रयोगालाही एक मर्यादा होतीच. विषय केंद्र ठरवणार. गावाने प्रश्न विचारायचा तो खताचा, बियाण्याचा, रोगाचा. लेव्ही का, सावकार का, जमीन कुणाची, असे प्रश्न त्या पत्रांतून रेडिओवर येण्याची सोय नव्हती. ते प्रश्न दुसऱ्या वाटेने फिरत होते. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी उभं केलेलं लाल बावटा कलापथक. तिथे गाणं आणि भाष्य वेगळं नव्हतंच. गाणं संपलं की सवाल, सवाल संपला की गाणं. रेडिओने जे बाहेर ठेवलं ते डफावर आणि ढोलकीवर गावोगाव चालत गेलं.

मग आली आणीबाणी. २६ जून १९७५ च्या सकाळी पंतप्रधानांनी ती आकाशवाणीवरूनच देशाला सांगितली. त्यानंतर खरी बातमी हवी असेल तर लोक बीबीसी लावायचे. पुन्हा तेच, खुंटी फिरवायची. १९७७च्या निवडणुकीत पहिल्यांदा राजकीय पक्षांना आकाशवाणीवर बोलायला वेळ मिळाला. बी. जी. वर्गीज यांच्या समितीने १९७८ मध्ये रेडिओ-दूरदर्शन सरकारच्या हातातून काढून स्वायत्त संस्थेकडे द्यावेत अशी शिफारस केली. ती प्रत्यक्षात यायला आणखी दोन दशकं गेली.

खरी कलाटणी मिळाली ती क्रिकेटमुळे. सामन्याचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा आणि सरकारचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. निकालपत्र लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपल्या मराठी मुलखातले. न्यायालयाने सांगितलं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची मक्तेदारी नको आणि पैसेवाल्यांचीही नको. माहिती घेण्याचा आणि देण्याचा हक्क हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे.

तरी पहिल्यांदा लहरी मिळाल्या त्या पैसेवाल्या खासगी एफएमला. २००२च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना आणि १६ नोव्हेंबर २००६ च्या निर्णयाने स्वयंसेवी संस्थांना, कृषी विज्ञान केंद्रांना दार उघडलं. १५ ऑक्टोबर २००८ ला तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, जहिराबादजवळच्या माचनूर गावात संगम रेडिओ सुरू झाला. तो दलित बायकांनी चालवलेला. त्याच वर्षी साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. तिथे गजी आणि ओवी ही स्टुडिओत पाहुणी म्हणून येत नाही, घरातलीच असते. आज देशात अशी केंद्रं पाचशेच्या आसपास आहेत. सहा लाखांवर खेडी असलेल्या देशात हा आकडा किती लहान आहे, ते तुम्हीच बघा.

नियम काय, तेही थोडक्यात सांगतो, कारण इथे काही जण ते विचारायलाच आले आहेत. संस्था नोंदणीकृत आणि निदान तीन वर्षं काम केलेली हवी. एकट्या माणसाला किंवा राजकीय पक्षाला परवानगी नाही. प्रसारणाची ताकद १०० वॅटपर्यंत, म्हणजे साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांनी केलेले हवेत. प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं. आणि बातम्या, चालू घडामोडी, राजकीय आशय वर्ज्य. हवामान, बाजारभाव, परीक्षा, पाणी-वीज, आपत्तीचा इशारा एवढं चालतं.

या बंदीच्या बाजूने जे बोललं जातं ते आम्ही उडवून लावणार नाही. गावात गट असतात, जाती असतात. दंगलीच्या दिवशी एक खोटी अफवा मायक्रोफोनवरून गेली तर काय होईल, ही भीती खरी आहे. एखादा पुढारी संस्थेच्या नावाखाली केंद्र बळकावेल, हीसुद्धा खरी. पण मग बघा, जिल्ह्याच्या साप्ताहिकाला हेच सगळं लिहिता येतं. मोबाईलवर अफवा मिनिटात फिरते, तिचं ध्वनिमुद्रण तीन महिने कुणी जपत नाही. ज्या माध्यमाचा पत्ता माहीत, चालवणारे माहीत, प्रत्येक शब्दाची नोंद हाताशी, त्याच माध्यमाला गप्प ठेवायचं, याला तर्क कुठला? कॉमन कॉज या संस्थेने २०१३ साली हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला.

जगात हे वेगळ्या पद्धतीने झालेलं आहे. अमेरिकेत बर्कली इथे १५ एप्रिल १९४९ ला केपीएफए हे केंद्र सुरू झालं. श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं, जाहिरात नाही. तिथे लोकसंगीत आणि जुनं संगीत आणि त्याच्या बाजूलाच परस्परविरोधी मतांची राजकीय भाष्यं. बोलिव्हियात खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे काढून केंद्रं चालवली आणि लष्करी राजवटीत त्यांची किंमतही मोजली. दोन्हीकडे मालकी ऐकणाऱ्यांची होती, म्हणून बोलणंही त्यांचं होतं.

तोवर आपण काय करायचं? आमचं सुचवणं असं, की जुन्या गाण्यांचा तास गांभीर्याने घ्या. कायद्याची बाजू आधी बघा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, पण कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. ना. घ. देशपांडे २००० साली गेले. म्हणजे 'शीळ'ची जुनी तबकडी मोकळी झाली तरी शब्दांवरचा हक्क २०६० पर्यंत आहे. मोबदला भरून गाणं लावायची सोय कायद्यात आहे, ती वापरा, फुकटेपणा नको.

आणि जे कुणाच्याच मालकीचं नाही ते आधी गोळा करा. हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात सासर आहे, दुष्काळ आहे, बाबासाहेब आहेत, नवऱ्याचा मार आहे, पंढरपूर आहे. यातली कुठली ओवी 'राजकीय' आणि कुठली 'सांस्कृतिक', हे दिल्लीतला कारकून ठरवू शकेल का? पिंपळगाव राजातल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या माउलीने जात्यावरची ओवी म्हटली आणि ती ओवी कुठल्या सालच्या दुष्काळातली, तेव्हा कामाला किती मजुरी मिळायची, धान्य कुठून आलं, हे वऱ्हाडीत सांगितलं, तर तो जुन्या गाण्यांचा कार्यक्रमही झाला आणि गावाचा इतिहासही झाला. ऐकणारा आजच्या मजुरीशी तुलना स्वतः करील. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पण आम्हाला एवढ्यावर समाधान मानायचं नाही, हेही स्पष्ट सांगतो. आडवळणाने बोलण्याची वेळ गुलामीत आली तर समजू शकतो. १९९५च्या निकालानंतरही खेड्याने आडवळणानेच बोलावं, हे बरोबर नाही. बातमीवरची ही बंदी उठली पाहिजे, निदान स्थानिक कारभारापुरती तरी. ग्रामसभेत काय ठरलं, रस्त्याचे पैसे कुठे गेले, टँकर कुणाच्या दारात थांबला, हे गावाच्या रेडिओवर बोलता आलं पाहिजे. चिमूरची बातमी १९४२ मध्ये मुंबईहून चोरून सांगावी लागली. आज पिंपळगाव राजाची बातमी पिंपळगाव राजातून उघडपणे सांगता यावी, एवढीच ही मागणी आहे.

व्याख्यान इथे थांबवतो. केंद्र काढायचं म्हणणाऱ्यांनी पुढे यावं, अर्जाची माहिती आम्ही देऊ. ज्यांना हे सगळं पटलेलं नाही, त्यांनी आधी प्रश्न विचारावेत.